महापौरांची हनुवटी

इंग्लंडात, लँकाशरमधल्या क्लेगडेन या गिरणगावात जोसाया थ्रेलफॉलने पहिले अठरा महापौर रंगवले, आणि अठराही थोडेफार सिंहासारखे दिसत. त्यात महापौरांचा काही दोष नव्हता. जोसायाचा हात बसला होता तो दारूच्या गुत्त्यांच्या पाट्यांवर, आणि गावातल्या दर तिसऱ्या गुत्त्याचं नाव ‘लाल सिंह’ असे. आयाळ रंगवावी तर जोसायाने. पुढे नगरपालिकेने दर वर्षीच्या महापौरांची तसबीर सभागृहात टांगायचा प्रघात पाडला. त्या काळी प्रतिष्ठित माणसाला कानापासून छातीपर्यंत दाढी असायचीच. आयाळ जरा खाली सरकली, एवढाच काय तो फरक.

कामाची रीतही ठरलेली होती. लाल झगा आणि सोन्याची साखळी दर वर्षी तीच, तेव्हा ती आधीच रंगवून ठेवायची. पुढचा महापौर कोण हे गावाला ठाऊक असायचं, म्हणून त्याची दाढीही रविवारच्या प्रार्थनेत मागच्या बाकावरून निरखून उरकायची. महापौर स्वतः बसायला येत ते नाकाडोळ्यांपुरते.

त्या वर्षी पाळी होती एनॉक बार्डस्लींची. जोसायाने पंधरा दिवस खपून त्यांची करडी, मधोमध दुभंगलेली, तपकिरीने कडेला पिवळी पडलेली दाढी अशी उतरवली की कंगवा फिरवायचा मोह व्हावा. सोमवारी सकाळी दारावर थाप पडली. दारात एक गुळगुळीत गृहस्थ उभे.

“कोळसा मागच्या दाराने,” जोसाया म्हणाला.

“थ्रेलफॉल, मी महापौर आहे.”

झालं होतं असं, की मिसेस बार्डस्लींना दाढीत कालचं सूप सापडलं होतं. त्याच दिवशी न्हावी बोलावला गेला.

जोसायाने एकदा त्या हनुवटीकडे आणि एकदा तयार दाढीकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षं ब्रश धरून त्याने एकही हनुवटी रंगवली नव्हती. सिंहाला ती दिसण्याजोगी नसते. पुन्हा वाढवता येईल का, असं त्याने हळूच विचारून पाहिलं. घरी परवानगी नाही, महापौर म्हणाले. मग गळपट्टा? एप्रिलात? फुलांचा गुच्छ हुंगताना काढू या? तेही करून झालं, पण दाढदुखीने बेजार झालेला माणूस एरंडाचा लेप लावून घेतोय असं ते चित्र दिसायला लागलं. शेवटी महापौरांनी सांगून टाकलं, की त्या स्प्रॉट फोटोवाल्याच्या यंत्राला हनुवटीचं काही वाटत नाही. ईस्टरनंतरच्या शनिवारी तसबीर लागली नाही तर तिथे फोटो लागेल, आणि मग दर वर्षी फोटोच.

जोसाया हनुवट्या शोधत गावभर फिरला. तरण्या पाद्र्याकडे इतका वेळ टक लावून बघितलं, की त्याने घाबरून पापांची कबुली दिली. घरी येऊन आरशात बघावं तर तिथे पुन्हा दाढीच, विशीपासूनची. रोज एक हनुवटी काढायची आणि रोज खरवडायची. सगळ्या सारख्याच निघत, गोल आणि मऊ.

शुक्रवारी टॅबिथा, त्याची बायको, हात पुसत चित्रासमोर येऊन उभी राहिली.

“हा बटाटा कुठून आलाय?”

“हात आपोआप तिकडेच जातो गं.”

“तेहतीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवतोयस, जोसाया. तुला हनुवटी मिळत नाही?”

त्याने वर पाहिलं. ती होतीच तिथे. चौकोनी, पुढे आलेली, मध्ये बारीकशी खळी. टॅबिथा कांदे चिरत बसली आणि त्याने दिवस मावळायच्या आत काम संपवलं.

शनिवारी पडदा सरकला आणि सगळं सभागृह ताठ बसलं. टॅबिथा थ्रेलफॉल चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत शिकवत होती, आणि क्लेगडेनचे झाडून सगळे नगरसेवक तिच्या हाताखालून गेले होते. उपमहापौरांनी तोंडातली पेपरमिंट गोळी गिळली. दोघांनी नखं लपवली. स्वतः महापौर आपल्याच तसबिरीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. स्प्रॉट तेवढा हसला, पण तो पडला बाहेरगावचा.

मिसेस बार्डस्लींनी चष्मा लावून चित्र नीट न्याहाळलं. “हे घरी कधी असे दिसत नाहीत,” त्या म्हणाल्या. “टांगा.”

त्यानंतर दाढीची फॅशनच गेली. आणखी अकरा महापौर आले, अकराही गुळगुळीत, आणि अकराही जणांना तीच हनुवटी लाभली. गाव एकाच घराण्याच्या ताब्यात आहे असा परगावच्या पाहुण्यांचा समज व्हायचा. सभेत आरडाओरडा वाढला की कुणाची तरी नजर भिंतीकडे जायची आणि ठराव एकमताने मंजूर व्हायचा.

जोसाया गेला तो ब्रश धुता धुता. नगरपालिकेने त्याचीही तसबीर लावायचं ठरवलं, तेव्हा कपाटामागे त्याने स्वतःच काढलेली एक सापडली. तीत त्याने दाढी काढून टाकली होती, आणि खाली ती चौकोनी, खळीची हनुवटी होती. हुबेहूब आहे ना, असं चिटणिसांनी टॅबिथाला अदबीने विचारलं. त्यांनीही नखं तपासून घेतलेली होती.

तिने वाकून जवळून पाहिलं.

“छे. आमच्या लग्नाआधी पाहिली होती मी, दाढी फुटायच्या आधी. गोल होती. बटाट्यासारखी.” तिने बाहीने हनुवटीवरची धूळ पुसली. “राहू दे पण. शोभतेय त्याला.”