देऊळ दुरुस्तीला काढलं आहे

ताराची शाळा पाहायला जायचं मी दिवाळीतच ठरवलं होतं. तारा म्हणजे सांगलीला आमचं अंगण झाडायला येणाऱ्या सखूची थोरली. आमच्या पायरीवर बसून ती अक्षरं शिकली, माझी कॉन्व्हेंटमधली गाणीही शिकली. पुढे सातवीची फायनल परीक्षा पास झाली, ट्रेनिंग झालं आणि वडूजजवळच्या एका खेड्यात मास्तरीण म्हणून नेमणूक झाली. त्यांच्या महारवाड्यातली पहिलीच. सखूनं वस्तीभर गूळ वाटला होता.

जाणाऱ्यांनी मिरजेहून पुण्याकडची पॅसेंजर धरून कोरेगावला उतरावं. तिथून वडूजची सर्व्हिस मोटर मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून भाकरी-पिठलं जवळ असू द्यावं. पुसेगाव सोडलं की हिरवं संपतं. मग नुसता माळ आणि गुडघ्याएवढी ज्वारी. माझ्या वयाच्या हाडांना पुढची बैलगाडी फार जड गेली.

गावची शाळा पहिल्यापासून देवळाच्या सभामंडपात भरते. नव्या कायद्यानं देवळं सर्वांना खुली झाली, तेव्हा ताराला अडवणार कोण? कुणी अडवलंही नाही. ती हजर झाली आणि तिसऱ्या दिवशी देवळाला कुलूप लागलं.

पाटलांनी आम्हाला ओसरीसमोर बाज टाकून दिली. मला चहा आला. तारा उभीच होती.

"आवं बाईसाहेब, आमी कुनाला न्हाई म्हनलं न्हाई. कायदा हाय. पर तुळईला वाळवी लागलीया. पोरांच्या डोक्यात पडली म्हंजी?"

"दुरुस्ती कधी सुरू होणार?" मी विचारलं.

"गवंडी मिळंल तवा."

कट्ट्यावरचा एक म्हातारा खाकरला. "गवंडी अजून आईच्या पोटात हाय, बाई!" सगळे हसले. पाटीलही हसले.

तारानं शांतपणे विचारलं, "पाटील, तोवर चावडीत बसू का?"

"तुमच्या वस्तीत भरवा की. जागा लय हाय तितं."

तिनं तेही करून पाहिलं होतं. गावातलं एकही पोर तिकडं फिरकलं नाही. चिंचेखाली तिच्यासमोर तिथल्या महारवाड्यातली चार मुलं बसलेली मी पाहिली. पट भरला नाही तर स्कूल बोर्ड शाळा बंद करणार आणि ताराची नेमणूकही जाणार. "कुणाविरुद्ध तक्रार करू, आक्का?" ती म्हणाली. "मला कुणी वाईट बोललंच नाही."

निघताना तिनं माझा हात धरला. "आईला सांगू नका."

येताना मोटरीत आठवत राहिलं: कायदा झाला तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली होती. आता वाटतं, दार उघडायला लावता येतं, पण सगळ्यांनीच ते मिळून लावून घेतलं तर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सखू झाडू तसाच टाकून धावत आली.

"आक्का, शाळा मोठी हाय का?"

"मोठी आहे," मी म्हटलं.

तिनं पदरानं डोळे पुसले. "मग माझं ठरलं. धाकटीलाबी ट्रेनिंगला घालती."