चहा होईपर्यंत

आज बसस्टॉपवर एका माणसाचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि रिकामा खिसा चाचपून खाली आला. मी लगेच ओळखलं. सिगरेट सोडल्यावर माझाही हात असाच कितीतरी दिवस भटकत असे.

नवव्या दिवशी दुपारी जेवण झालं आणि मला राहवेना. ऑफिससमोरच्या टपरीवर जाऊन सुमनताईंना म्हणालो, "एकच द्या." इतकी वर्षं त्याच मला सिगरेट देत आल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"दादा, मीच विकते, मी काय सांगणार? पण चहा होईपर्यंत थांबा. मग मागितलीत तर देईन."

त्यांनी गॅस बारीक केला, आलं सावकाश किसलं आणि माझ्या लेकीच्या परीक्षेची चौकशी करत राहिल्या. चहा हातात आला तेव्हा तलफ ओसरली होती. मी मागितली नाही, त्यांनीही विचारलं नाही.

घरचे माझ्या निर्धाराचं कौतुक करतात. खरं तर त्या दुपारी माझा निर्धार केव्हाच संपला होता. मला सावरलं ते आपलं जुनं गिऱ्हाईक आपणहून हातचं घालवणाऱ्या त्या बाईंनी.