बिनखुणेचा पाव

बेल्मिरो माझ्या बेकरीत पहिल्यांदा आला तो भांडायलाच. "हा पाव आहे की कापूस?" म्हणाला.

मी कसली ऐकून घेते! "ब्राझीलमध्ये असाच खातात. नको असेल तर बसा बोटीत आणि जा परत पोर्तुगालला."

तेव्हा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू फोन्तालची ना गं? वरच्या आळीतल्या फेलिस्मिना मावशीची एर्मेलिंदा?"

माझ्या हातातला चिमटाच पडला. सान्तोसच्या बंदरात इतकी वर्षं काढली, पण आमच्या गावाचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याच्याकडून कॉफीचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र घेतले.

खिडकीजवळचं टेबल त्याचं झालं. दिवसभर गोदामात कॉफीच्या पोत्यांवर शाईने छाप मारायचे आणि चार वाजता येऊन त्याच निळ्या बोटांनी लिहीत बसायचं, असं चौदा वर्षं चाललं. आमच्या लोकांच्या साप्ताहिकात दर शनिवारी त्याचा मजकूर यायचा. सगळा गावाबद्दल. ओढ्यावरची गिरणी, पाद्रीबाबांचं लंगडं गाढव, थंडीत भाजलेले चेस्टनट. माझा नवरा कुरकुरायचा, "एका कॉफीवर तीन तास! या लेखकाला भाडं लावा." पण शनिवारी बेल्मिरो वाचून दाखवायला लागला की पहिला डोळे पुसणारा हाच.

मग त्याने पुस्तक काढायचं मनावर घेतलं. आमच्या गावात भट्टी एकच, सगळ्यांची मिळून. पंधरा दिवसांनी पेटायची. कुणाचा पाव कुठला ते कळावं म्हणून बायका मक्याच्या कणकेवर आपापल्या घराची खूण करायच्या. कुणी किल्ली दाबायची, कुणी दोन बोटं. आमची कात्रीने मारलेली फुली. पुस्तकात एकेका घराचं प्रकरण आणि वर त्या घराची खूण, असं त्याच्या मनात होतं. मी आणि तो कितीतरी संध्याकाळी त्या खुणा आठवत बसलो. भट्टीचा वास नाकात यायचा हो, खोटं नाही सांगत.

"सत्तावीस घरांच्या मिळाल्या," एक दिवस तो म्हणाला. "आमची तेवढी राहिली. तुला आठवते?"

 त्यांच्या घराला खूण नव्हतीच. बाप खाणीत दगावला आणि त्याच्या आईच्या, ग्रासा मावशीच्या, घरात मूठभर पीठ नसायचं. माझी आई आपल्या कणकेतला एक पाव बिनखुणेचा ठेवायची. तो फडक्यात गुंडाळून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवायचा आणि पळायचं, हे काम माझं. "कुठे बोललीस तर जीभ हासडीन," आई म्हणायची. "त्या पोराला मान वर करून चालू दे."

"आठवते की," मी ठोकून दिलं. "उभी रेघ आणि खाली दोन टिंबं."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! डोळ्यांसमोर आहे माझ्या."

त्याने वही मिटली. मग हसला आणि कॉफी अर्धी टाकून उठला. मला वाटलं, सुटले बाई.

त्या नाताळात गावाहून तार आली, आई गेली. इथल्या चर्चमध्ये तिच्या नावाची मिस्सा केली, तेव्हा बेल्मिरो शेवटच्या बाकावर बसला होता.

उन्हाळा सरला आणि पुस्तक आलं. त्याने एक प्रत माझ्यासमोर ठेवली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसला. मी हात पुसले. आधी आमची फुली शोधली. मग शेवटचं प्रकरण काढलं. वरची जागा कोरी होती. खाली लिहिलं होतं:

'आई सांगायची, आपली खूण भट्टीच्या आचेने पुसली जाते. आठ वर्षांचा होईपर्यंत मी ते खरं मानलं. पुढे कळलं, आमच्या घरात कणीक मळायची परातच नव्हती. तो पाव कुणाच्या हातचा, एवढंच कळायचं राहिलं. जिला ठाऊक असावं तिने मायेपोटी मला खोटी खूण सांगितली. ती इथे छापलेली नाही.'

लाजेने मेल्यासारखं झालं मला. पुस्तक तसंच उघडं घेऊन मी टेबलाशी गेले.

"आईचा होता," मी म्हटलं. "माझ्या आईचा. मी आणून ठेवायचे."

त्याने डोक्यावरची टोपी काढली. "म्हणजे मी तुला विचारलं तेव्हा फेलिस्मिना मावशी जिवंत होत्या."

"होती. मला क्षमा करा, बेल्मिरो."

त्याने वहीच्या मागच्या कप्प्यातून एक कागद काढला. घड्यांवर पिवळा पडलेला, कधीचा लिहून ठेवलेला. आभाराचं पत्र होतं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. वर 'प्रिय' लिहून पुढे जागा सोडली होती.

"नाव तेवढं घालायचं होतं गं," तो म्हणाला, आणि खिशातलं पेन काढलं.

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या जागेत आईचं नाव लिहिलं.