पुन्हा आढळला नाही

सुदेश घाग नेमकं काय काम करतो, हे त्याच्या वडिलांनी, महिपत घागांनी, शेवटपर्यंत कुणाला नीट सांगितलं नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला, आपला मुलगा व्हिडिओ गेम खेळायचा पगार घेतो, हे सांगणं जड जायचं. कुणी विचारलंच तर ते म्हणत, "कॉम्प्युटरच्या तपासणी खात्यात आहे." खातं म्हटलं की समोरचा पुढे विचारत नसे.

गंमत म्हणजे ते खोटं नव्हतं. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर मोबाइलचे गेम बनवणारा एक स्टुडिओ होता. गेम बाजारात जाण्याआधी तो मोडेपर्यंत खेळायचा आणि कुठे, कसा मोडला ते लिहून काढायचं, हे सुदेशचं काम. सतरा वर्षं त्याने ते मनापासून केलं. स्वभावच तसा. नव्या लिफ्टमध्ये शिरला की दोन बटणं एकदम दाबून पाहणार. लग्नपत्रिका हातात पडली की आधी वार आणि तारीख जुळतात का ते बघणार. सोसायटीच्या नोटिशीतल्या चुका तो पेन्सिलीने दुरुस्त करायचा, त्यामुळे सेक्रेटरी त्याच्याशी फारसं बोलत नसे. बायको संचिता म्हणायची की ह्यांना देवळात नेलं तरी आधी पायरीचा तुटका कोपरा दिसतो. घरात हे गुणवर्णन समजलं जात नसे.

पुढे तो तपासनिसांचा प्रमुख झाला. हाताखाली आठ जण. त्यातली मेघना गमरे ही कळव्याची मुलगी त्याने स्वतः निवडलेली. बी.एस्सी., वय सव्वीस, बोलणं कमी, नजर घारीची. स्टुडिओचा तेव्हाचा गेम होता ‘घाटाची राणी’. लाल बस दरीत न पाडता घाटातून वर न्यायची. बस सुटली की मागच्या सीटवरची म्हातारी छतातून हळूहळू वर जायची, हे पहिल्यांदा मेघनाने पाहिलं. सर्वांत मोठा दोषही तिचाच. रोज साडेपाचला तिच्या आईचा फोन यायचा, किती वाजता निघतेस म्हणून. एकदा बस बोगद्यात असताना तो आला आणि फोन ठेवल्यावर बघते तर गेम पहिल्या वळणावर. तीन महिने खेळून मिळवलेलं सगळं पुसलेलं. तिने दुसऱ्या दिवशी आईला मुद्दाम फोन करायला लावला, तिसऱ्या दिवशीही लावला, आणि मग रिपोर्ट लिहिला. सुदेशने तो सगळ्यांना वाचून दाखवला होता. रिपोर्ट असा लिहायचा, म्हणाला होता.

गेमलाही प्रकाशक असतो. पुस्तकाच्या प्रकाशकापेक्षा फरक इतकाच की हा लेखकालाच विकत घेऊन ठेवतो. ठाण्याच्या स्टुडिओचा प्रकाशक परदेशातला. मार्चमध्ये त्याने कळवलं की आपल्या ह्या गुणी स्टुडिओसाठी ‘अधिक योग्य घर’ शोधण्यात येत आहे. अशी भाषा लोक एरवी मांजराच्या पिल्लांसाठी वापरतात. ऐंशी माणसांना तिचा अर्थ जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळला. एप्रिलमध्ये हैदराबादची एक कंपनी स्टुडिओ बघायला येणार असं ठरलं, आणि त्यांनी येण्याआधी मागवलेल्या कागदांत एक यादी होती: गेममधले अजून न सुटलेले दोष.

स्टुडिओचे प्रमुख नयन सर. ते येण्याआधीच्या शुक्रवारी जेवणानंतर त्यांनी सुदेशला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

"सुदेश, तुझा ठाकुर्लीचा फ्लॅट रीसेलचा ना?"

"हो सर."

"आधीच्या मालकाने रंग मारून दिलेला?"

"दिलेला."

"मग? कोणीपण देतो. चारशे बग ओपन बघितले तर समोरचा दारातूनच परत जाईल रे. आणि डील तुटलं तर आपण ऐंशीच्या ऐंशी घरी. परत करून बघ, होत नसेल तर क्लोज कर."

"आणि होत असेल तर?"

नयन सर हसले. वाईट माणूस नव्हता तो, हसणंही चांगलं होतं. "करून बघायला तुला टाइम कुठाय? सोमवारी येतायत ते."

सुदेशच्या फ्लॅटमध्ये रंगाखालून सहा महिन्यांत ओल वर आली होती, आणि आधीच्या मालकाला तो अकरा वर्षं नाव घेऊन शिव्या देत आला होता. हे त्याला केबिनमध्ये आठवलं, असं तो नंतर सांगतो. आठवूनही त्याने मान डोलावली.

रिपोर्ट बंद करायचा तर कारण निवडावं लागतं. त्यातलं एक कारण असं: पुन्हा आढळला नाही. म्हणजे रिपोर्टमध्ये लिहिलंय तसं सगळं करून पाहिलं, पण तसं काही झालं नाही. थोडक्यात, लिहिणाऱ्याला भास झाला. हे कारण निवडायला काही लिहावं लागत नाही, नुसतं बोट लावायचं. सुदेशने चहाच्या आत दोनशे एकतीस रिपोर्ट बंद केले. गेम एकदाही उघडला नाही. त्यातले एकशे त्रेचाळीस मेघनाचे निघाले, कारण सगळ्यांत जास्त काम तिनेच केलेलं होतं. बोगद्याचा रिपोर्ट आला तेव्हा त्याचं बोट थांबलं होतं. किती वेळ, असं विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, दोन-तीन सेकंद.

सौदा झाला. दाराबाहेरची पाटी बदलली, खुर्च्या त्याच राहिल्या. ऐंशीपैकी बावन्न माणसं नव्या मालकाने घेतली. नऊ तपासनिसांपैकी पाच जण राहिले, आणि मेघना त्यात नव्हती.

कारण त्याला एचआरच्या प्रीतीकडून कळलं, तेही सहज, कॉफीच्या मशीनपाशी. हैदराबादच्या लोकांनी प्रत्येक तपासनिसाचे किती रिपोर्ट खरे निघाले आणि किती ‘आढळले नाहीत’ ते काढलं होतं. मेघनाचं प्रमाण भयंकर होतं. "एवढी हुशार वाटायची ना," प्रीती म्हणाली. सुदेशचा आकडा मात्र शंभर टक्के. प्रमुख झाल्यापासून तीन वर्षांत त्याने स्वतः एकही रिपोर्ट लिहिला नव्हता. ज्याने काही लिहिलंच नाही, त्याचं चुकणार काय?

त्या संध्याकाळी मेघना लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करून त्याच्या टेबलाशी आली. येते सर, म्हणाली. त्याने टचमध्ये राहा असं सांगितलं, आणि ती जिना उतरेपर्यंत ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत बसला. ड्रॉवर रिकामा होता. सामान नव्या टेबलावर आधीच गेलेलं.

घरी संचिताने शेजारच्या रुपालीला सांगितलं की अठ्ठावीस जण काढले, पण ह्यांना ठेवलं. मग अख्खा मजला अभिनंदन करून गेला. ज्या सेक्रेटरीशी अबोला होता तोही म्हणाला, घाग, शेवटी क्वालिटीला किंमत असते. सुदेशने ‘हो’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पुढचे काही आठवडे तो लिफ्ट सोडून जिन्याने चढायचा, कुणी भेटू नये म्हणून. संचिताला वाटलं, पोट कमी करतोय.

असंच निभलंही असतं. पण जुलैमध्ये खेळणाऱ्यांच्या तक्रारी यायला लागल्या. बोगद्यात फोन आला की सगळं पुसलं जातं. हैदराबादच्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, हा दोष आधी कुणाला सापडला होता का. सुदेश म्हणाला, "एकदा रिपोर्ट झालेला. तेव्हा आढळला नव्हता." शेजारी बसलेल्या रत्नदीपने, गेमचा कोड लिहिणाऱ्याने, बस बोगद्यात घातली आणि दुसऱ्या फोनवरून पहिल्यावर रिंग दिली. पहिल्याच खेपेला पुसलं. सगळे हसले. हा क्लोज कोणी केला रे, असं कुणीतरी विचारलं. रत्नदीपने जुना रिपोर्ट उघडला, बंद करणाऱ्याचं नाव वाचलं, सुदेशकडे पाहिलं नाही, आणि म्हणाला, "जुन्या टीमपैकी कोणीतरी." मग त्याने ते पान मिटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुदेशला वाटलं. आपल्यापेक्षा बारा वर्षांनी लहान पोराने आपली अब्रू झाकावी, हे त्याला झेपलं नाही.

रविवारी तो कळव्याला गेला. जाताना सफरचंदं घेतली, आजाऱ्याकडे नेतात तशी. गमऱ्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मेघनाचं पदवीचं प्रमाणपत्र, काचेत. दार तिच्या आईने, सरोजने उघडलं. मेघना खाली दुकानात गेली होती. सरोजने पंखा त्याच्याकडे वळवला, पाणी दिलं, आणि समोर बसून काहीतरी बोलायचं असल्यासारखा पदर नीट केला.

"सर, तुम्ही आलात ते बरं केलंत. मला माफी मागायची होती."

"कसली?"

"मी तिला रोज फोन करायचे. साडेपाचला. कामाच्या टायमात. ती बोललेली मला, आई, तुझ्या फोनने गेम बिघडतो. मी कुठे ऐकलं? मला वाटलं, चेष्टा करते." तिने सफरचंदांच्या पिशवीकडे पाहिलं. "नोकरी गेली तेव्हा विचारलं तर म्हणाली, माझ्याच चुका जास्त निघाल्या. पण कारण तर मीच ना?"

सतरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका पायरी-पायरीने मांडणाऱ्या सुदेशला स्वतःची मांडता येईना. बग म्हणजे काय तिथपासून त्याने सुरुवात केली. मग सौदा, मग यादी. सरोज समजल्यासारखी मान हलवत होती आणि तिला काहीच समजत नव्हतं, हे त्याला दिसत होतं. शेवटी त्याने एवढंच म्हटलं, "ताई, तिचं सगळं बरोबर होतं. मी त्यावर चूक म्हणून लिहिलं. न बघता."

दारात मेघना उभी होती, हातात दुधाची पिशवी. तिने ऐकलं होतं. चप्पल काढून ती आत आली.

"तुला माहीत होतं?" सरोजने तिला विचारलं.

"हो."

"मग माझ्या चुका, माझ्या चुका काय करत होतीस?"

"काय सांगायचं होतं? सरांनी केलं म्हणून?" मग ती सुदेशकडे वळली. आवाज चढवला नाही. "सर, प्रत्येक रिपोर्टपुढे वेळ पडते. तुम्ही एका मिनिटात तीन-तीन क्लोज केलेत. गेम नुसता उघडायला मिनिट जातं. निदान बोगद्याचा तरी करून बघायचात."

सरोज आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, आतून भांड्यांचा आवाजही आला नाही. मेघनाने सांगितलं की मुलाखतीला गेलं की जुन्या कंपनीला विचारतात आणि तिथून तेच प्रमाण सांगितलं जातं. तीन ठिकाणी झालं असं. सुदेशने लेखी देतो म्हटलं. द्या, ती म्हणाली.

त्याने चार दिवस घेऊन पत्र लिहिलं. पत्र चांगलं होतं. मेघना गमरे यांचे एकशे त्रेचाळीस रिपोर्ट न तपासता बंद करण्यात आले, ते सर्व दोष खरे होते, त्यांच्या कामात उणीव नाही. खाली सही, तारीख, मोबाइल नंबर. मध्ये फक्त एक ओळ होती: ‘वरिष्ठांच्या सूचनेनुसार’. मेघनाचं उत्तर अर्ध्या तासात आलं. "सर, पत्र वाचलं. वरिष्ठ म्हणजे कोण ते कळत नाही. लीड तुम्हीच होतात, मग तुमचे वरिष्ठ कोण, हे समोरचा विचारणार. कृपया नाव टाका."

नाव तीन अक्षरांचं. नयन सर नव्या कंपनीतही प्रमुखच होते, काचेच्या त्याच केबिनमध्ये, आणि सुदेशशी नजरानजर झाली की हात वर करायचे. सुदेशच्या मुलीची बारावी होती. फ्लॅटची ओल पुन्हा वर आली होती. कारणं सगळी खरी होती, आणि तपासनीस असल्यामुळे एकेक करून त्याने ती तपासलीही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी तो मोबाइल उलटा ठेवून जेवला.

अकराव्या दिवशी मेघनाचा मेसेज आला. ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. त्यांनी जुन्या कंपनीला विचारलंच नाही. समोर एक अ‍ॅप ठेवलं आणि म्हणाले, तासाभरात काय सापडतं ते सांग. तिने चौदा दोष काढले. शेवटी लिहिलं होतं, "पत्र आता लागणार नाही सर."

वाचून सुदेशच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते अभिनंदन नव्हतं. सुटलो, असं आलं. हे तो स्वतःच सांगतो, कुणी विचारलेलं नसताना, आणि सांगताना खिडकीबाहेर बघतो.

मग त्याने लॅपटॉप उघडला, पत्रातली ती ओळ खोडली आणि तिथे नयन सरांचं पूर्ण नाव, आडनावासकट, हुद्द्यासकट लिहिलं. लिहायला एक मिनिटही लागलं नाही. पत्र तिला पाठवलं, फक्त तिला.

थोड्या वेळाने उत्तर आलं: "आता बरोबर आहे." अभिनंदन करायचं राहून गेलं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. ते त्याने अजून केलेलं नाही.