काकूंच्या हाताला झेपेल असं

काकू कुणालाही भेटल्या की आधी त्याचं मनगट हातात घ्यायच्या. बोलणं चालूच असायचं, पण तीन बोटं नाडीवर. मग मान हलवून म्हणायच्या, "ठीक आहे. जगशील." आमच्या गल्लीतल्या पोरांना हे इतकं आवडायचं, की संध्याकाळी काकू चालायला निघाल्या की चार-पाच छोटी मनगटं पुढे यायची. "काकू, चेक मी, प्लीज." त्या प्रत्येकाची नाडी मन लावून बघायच्या आणि प्रत्येकाला तेच सांगायच्या.

असं एखादं माणूस तुमच्याही आसपास असेल. ते आहे तोवर आपण त्याला गृहीत धरतो. मी तर त्याहून वाईट केलं.

काकू मूळच्या नागपूरच्या. तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. लग्नानंतर इकडे अमेरिकेत आल्या, पुन्हा परीक्षा दिल्या आणि अटलांटाच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं इमर्जन्सीमध्ये काढली. काका गेल्यावर अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या त्या घरात एकट्याच राहिल्या. मी दोन घरं सोडून राहतो. मीही नागपूरचा. "काऊन रे, जेवला नाही काय?" एवढं ऐकायला मी ऑफिसमधून येताना त्यांच्याकडे थांबायचो. त्यांच्या गराजचा कोड मला पाठ होता.

मग आमच्या कम्युनिटीत एका घरी भरदुपारी मागची काच फोडून चोरी झाली. घरात कुणी नव्हतं, पण ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने मी तेव्हा शनिवारी पिस्तूल चालवायला शूटिंग रेंजवर जायला लागलो होतो. जेमतेम वर्ष झालं असेल, पण ग्रुपवर लोक मला विचारून सल्ले घेऊ लागले आणि मीही ते देऊ लागलो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

काकूंची मुलगी मीनू इथेच जन्मलेली, कॅलिफोर्नियात डॉक्टर. तिचा फोन आला. "दादा, आय कान्ट स्लीप. आई एकटी आहे. तिच्या हाताला झेपेल असं काहीतरी छोटं बघशील? यू नो दिस स्टफ."

मी लगेच हो म्हणालो. त्या आठवड्यात इतके व्हिडिओ पाहिले, की बायको म्हणाली, "स्वतःची गाडी घेताना एवढा अभ्यास केला नव्हतास."

काकू मात्र तयार नव्हत्या. "अरे, मी आयुष्यभर लोकांच्या अंगातून गोळ्या काढणाऱ्यांच्या शेजारी ट्रे धरून उभी राहिले. आता हे मी जवळ ठेवू?"

"वापरायचं कुठे आहे काकू? फक्त सेफ्टीसाठी. मीनूला शांत झोप लागेल."

मुलीचं नाव काढल्यावर त्या तयार झाल्या. तसं होणार हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते काढलं होतं.

मी त्यांना बंदुकांच्या दुकानात नेलं, त्याला जोडूनच रेंज होती. काकूंच्या अंगठ्यांच्या सांध्यांना सूज असायची. वापरायला सोपं म्हणून आधी रिव्हॉल्व्हर घेऊन पाहिलं, पण त्याचा चाप इतका जड, की त्यांना दोन बोटं लावावी लागली. मग तळहातात मावेल एवढं एक पिस्तूल घेतलं. पहिल्याच गोळीला ते हातात असं उसळलं, की त्यांनी ते खाली ठेवलं आणि हात झटकला. "हे चावतं रे." पिस्तूल जितकं छोटं आणि हलकं, तितका त्याचा धक्का जास्त, असं दुकानदाराने समजावलं. मी मान डोलावली, जणू मला ते आधीपासूनच माहीत होतं.

चौथं पिस्तूल बसलं. किंचित मोठं, पण धक्का मऊ. वरची स्लाइड त्या स्वतः मागे ओढू शकत होत्या, आणि चाप अगदी हलका. काकूंनी श्रवणयंत्रं काढून पर्समध्ये ठेवली, कानांवर मोठे हेडफोन चढवले आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही कागदावर एका बशीएवढ्या जागेत.

"मॅम, यू हॅव व्हेरी स्टेडी हँड्स," दुकानदार म्हणाला.

मी टाळ्या वाजवल्या. काकूंनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. त्या बाथरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. फॉर्म त्यांनीच भरला, सही त्यांचीच. पण निवड माझी होती. मीनूला मी फोटो पाठवला. तिने हार्ट पाठवलं.

त्यानंतर काकू चालायला निघायच्या तेव्हा कमरेला एक काळा पाऊच असायचा. पहिल्याच संध्याकाळी पोरं मनगटं पुढे करून धावत आली आणि काकूंनी दोन्ही हात पुढे करून त्यांना अडवलं. "लांबून, लांबून." पोरांना वाटलं, नवा खेळ आहे. चार दिवसांनी ती यायची बंद झाली. हे मी माझ्या ड्राइव्हवेतून पाहत होतो. तेव्हाच जाऊन म्हणायला हवं होतं, काकू, परत देऊन टाकू. मी गाडी धूत राहिलो.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी बायकोने त्यांच्यासाठी वरणफळांचा डबा दिला. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. कोड दाबला, गराज उघडलं आणि लॉन्ड्री रूममधून आत शिरलो. "काकू," म्हणून हाकही मारली. त्या श्रवणयंत्रं काढून झोपल्या होत्या. हाक ऐकू आली नाही, पण गराजच्या दाराची थरथर भिंतीतून त्यांना जाणवली असणार.

त्या समोरच्या पॅसेजमध्ये उभ्या होत्या. दोन्ही हातांत पिस्तूल, मी शिकवलं होतं अगदी तसं धरलेलं. माझ्या पाठीमागे उजेड होता, म्हणजे त्यांना फक्त एक पुरुष दिसत होता. "काकू, मी आहे, मी," मी म्हणत होतो. त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांचा हात जराही थरथरत नव्हता.

माझ्या हातून डबा सुटला. झाकण उडालं, वरण फरशीवर पसरलं. त्यांनी खाली पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे.

पिस्तूल ड्रायरवर ठेवून त्या जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, "मी दाबायला सुरुवात केली होती. फार हलका आहे रे चाप."

मी कागदी टॉवेल घेऊन फरशी पुसत होतो. काहीतरी करत राहणं सोपं होतं. चूक माझी आहे, तुमची नाही, हे एक वाक्य बोलायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "मीनूला सांगू नका काकू. उगाच टेन्शन घेईल."

त्यांनी मान हलवली. मीनूला टेन्शन येईल म्हणून मी ते बोललो नव्हतो. आपलं नाव खराब होईल म्हणून बोललो होतो, आणि माणसं ओळखण्यात ज्यांचा जन्म गेला त्या बाईंना ते कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

दोन दिवसांनी त्यांनी एकट्यानेच जाऊन पिस्तूल दुकानात परत दिलं. चालायला जाणं थांबवलं. उन्हाळ्याआधी घर विकायला काढलं. कारण विचारणाऱ्याला त्या सांगायच्या, "गुडघे गेले रे. जिने होत नाहीत." माझ्यासमोरही त्यांनी हे दोन-तीनदा सांगितलं, आणि मीही इतरांबरोबर मान डोलावली. मुलीकडे निघायच्या दिवशी मी त्यांच्या बॅगा गाडीत ठेवल्या. त्या म्हणाल्या, "सांभाळून राहा." मी म्हणालो, "हो."

गेल्या वर्षी मुलीच्या घरीच त्या वारल्या. श्रद्धांजलीची बुद्धवंदना ऑनलाइन होती. स्क्रीनवर नागपूरचे, अटलांटाचे, कॅलिफोर्नियाचे मिळून चाळीसेक चेहरे. शेवटी मीनू बोलायला लागली. आधी इंग्रजीत, मग मोडक्या मराठीत. म्हणाली, "आई एकटी होती, तेव्हा दादाने तिची खूप काळजी घेतली. त्याच्यामुळे ती तिथे सेफ होती." चौकटीचौकटींतून लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, "तुम्ही दोन शब्द बोला ना."

मी म्यूट काढला. सगळे थांबले होते. बायको माझ्या शेजारी बसली होती, तिलाही मी त्या दुपारचं काही सांगितलेलं नव्हतं. डबा वाटेत पडला, एवढंच तिला माहीत आहे.

"काकू फार चांगल्या होत्या," मी म्हणालो.

मीनूने डोळे पुसले. "थँक यू, दादा," ती म्हणाली. "फॉर एव्हरीथिंग."