झिजलेल्या मापाची रिंग

आमच्या रस्त्यांवर पुढच्या गाडीचा उजवा दिवा लुकलुकायला लागला, की ती उजवीकडे वळणार असं कोणी समजत नाही. पुढून रस्ता मोकळा आहे, ये, असं समजतात. ट्रकवाल्यांनी ही रीत पाडली, उसाच्या ट्रॅक्टरांनी उचलली आणि आता सगळेच तिच्यावर भरवसा ठेवून चालतात. माझे वडील तेवढे वळायचं असेल तेव्हाच दिवा लावतात.

आबांची गाडी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांची. गियरचा आणि इंडिकेटरचा असे दोन्ही दांडे स्टिअरिंगच्या खांबाला आहेत. खांबाच्या आत, चाकाबरोबर फिरणाऱ्या दांड्यावर एक प्लॅस्टिकची रिंग बसते. तिला दोन उंचवटे असतात. वळण घेऊन चाक सरळ झालं की उंचवटा इंडिकेटरच्या दांडीला ढकलतो आणि दिवा आपोआप बंद होतो. गेल्या हिवाळ्यात तो बंद होईनासा झाला. आबा उजवीकडे वळून रस्त्याला लागले, दिवा तसाच लुकलुकत राहिला आणि मागच्या मोटारसायकलवाल्यानं तो पाहून गाडी पुढे काढली. समोरून कंपनीची बस आली. पोरगा चारीत गेला.

गुडघा खरचटण्यावर निभावलं. दुसऱ्या दिवशी तो चार जणांना घेऊन घरी आला, पण भांडायला नाही. चहा घेतला आणि म्हणाला, "आबा, तुमचा दिवा चालू हुता म्हणून मी आलो. न्हाई तर मी कशाला येतोय?"

आबांच्या आधी मीच बोललो. "दिवा दुरुस्त होईपर्यंत गाडी बंद. किल्ली माझ्याकडं."

"आन् झाल्यावर?" आबांनी विचारलं.

"झाल्यावर तुमची तुम्हाला."

आबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. आमची वस्ती खुटबावजवळ आहे. केडगाव स्टेशनच्या बाकावर त्यांचे तीन सोबती रोज दहा वाजता जमतात. जाऊन-येऊन सोळा किलोमीटर. गुडघ्यांमुळे मोटारसायकलवर बसवत नाही, जीपच्या गर्दीत चढवत नाही. गाडी बंद म्हणजे बाक बंद, हे मला ठाऊक होतं. पण महिनाभरात पार्ट मिळेल असा माझा हिशोब होता.

मी शिरूरला राहतो आणि रांजणगावच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासतो. चोवीस वर्षं तेच काम. शिरूरच्या पाच दुकानांत विचारलं. एका दुकानदारानं काउंटरवरूनच हात जोडले. "साहेब, ती गाडी चालू हाय अजून? फोटो तरी दाखवा." दौंडच्या भंगार बाजारात तसल्याच दोन गाड्या सापडल्या. दोन्हींच्या खांबात रिंग नव्हती, डॅशबोर्डवर ट्रॅक्टरचं बटण होतं.

त्याचं कारण दौंडच्या चाचांनी सांगितलं. चाचा पन्नास वर्षं या गाड्या दुरुस्त करतात. "रिंग तुटली की आम्ही काढून फेकायचो आन् बटण बसवायचो. दहा मिनटांचं काम. दौंड-शिरूरमधल्या निम्म्या रिंगा तर मीच फेकल्यात. आता तुम्ही मागताय." मग म्हणाले, "तुम्हालाही बटण बसवून देऊ का?"

बटण हातानं बंद करावं लागतं आणि आबा ते विसरणार. मी नको म्हणालो.

मग मी ठरवलं, आपणच बनवून घ्यायची. जुनी रिंग खांबातून काढली, रॉकेलनं धुतली, व्हर्नियरनं प्रत्येक माप तीनदा घेतलं. आतला व्यास, जाडी, दोन्ही उंचवट्यांची उंची, त्यांच्यामधलं अंतर. कागदावर चित्र काढलं. रांजणगावच्या लेथवाल्यानं नायलॉनच्या दांड्यातून रिंग काढून दिली. मी तपासली. एकही माप पाच शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त चुकलं नव्हतं. इतकं समाधान मला कारखान्यातसुद्धा क्वचित मिळालं असेल.

चाचांनी ती बसवली. चाक फिरवलं. दिवा तसाच लुकलुकत राहिला.

चाचांनी रिंग परत काढली. एका तळहातावर नवी, दुसऱ्यावर जुनी ठेवली आणि अंगठ्यानं दोन्हींचे उंचवटे चाचपले. "सख्ख्या बहिणी हायत. साहेब, तुम्ही झिजलेलीच बनवून आणली की!"

गॅरेजमधले सगळे हसले. चोवीस वर्षांत मी मूळ मापाचा कागद समोर असल्याशिवाय एकही वस्तू पास केलेली नाही. आणि इथं झिजलेली वस्तूच मूळ मानून मी तिची झीज शतांशापर्यंत उतरवून आणली होती. नव्या रिंगेचं माप मात्र कोणाकडेच नव्हतं.

शेवटी चाचांनी उंचवट्यावर इन्सुलेशन टेपचा एकेक थर चढवला. दर थराला रिंग बसवायची, चाक फिरवायचं, काढायची. मी मोजत होतो. नवव्या थराला दांडी टक्‌कन मागं आली. टेपची जाडी तेरा शतांश. नऊ थरांचे एक पूर्णांक सतरा शतांश मिलिमीटर. तेवढी उंची वाढवून दुसरी रिंग करून घेतली. या सगळ्यात साडेचार महिने गेले. मी दर रविवारी वस्तीवर जायचो आणि आबा एकच प्रश्न विचारायचे, "गावला का पार्ट?" तिसऱ्या महिन्यानंतर त्यांनी तोही सोडला. बाकावरचा एक सोबती त्याच काळात गेला. आबांना तेराव्यानंतर कळलं.

रिंग बसवल्यावर मी गाडी वस्तीवर आणली आणि आबांना चाकामागं बसवलं. मी डावीकडे बसलो. त्यांनी उजवा दिवा लावला, चाक फिरवलं, सरळ केलं. टक्. दांडी जागेवर आली.

आबा माझ्याकडे बघत राहिले. "आता बंद झाल्यावर वाजंल म्हणाला हुतास न्हवं?"

"वाजलं की आबा."

"व्हय?" त्यांनी पुन्हा दिवा लावला. डॅशबोर्डच्या आतून टिकटिक सुरू झाली, मला चांगली मोठ्यानं ऐकू येणारी. त्यांनी मान जरा वाकडी करून कान डॅशबोर्डच्या जवळ नेला. "मला काय न्हाई ऐकू आलं," ते म्हणाले आणि इंजिन बंद केलं.

दिवा चालू राहिलेला त्यांना का कळला नव्हता, हे मी साडेचार महिन्यांत एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. ती टिकटिक नाही, तर मागचा हॉर्न तरी कुठून ऐकू येणार होता? मी फक्त रिंग मोजत बसलो होतो.

"कान तपासून घेऊ," मी म्हणालो.

"घेऊ की." त्यांनी तळहात पुढं केला. "किल्ली. झाल्यावर माझी मला, म्हणाला हुतास."

म्हणालो होतो. चार लोकांसमोर म्हणालो होतो. मी किल्ली दिली, पण मी शेजारी असल्याशिवाय गाडी काढायची नाही असं कबूल करून घेतलं. त्यांनी मान हलवली. कानाचं यंत्र घेतलंय, पण ते डबीतच असतं. कानात शिट्टी वाजते म्हणतात. दर रविवारी मी पन्नासेक किलोमीटर येतो, केडगावच्या बाकापर्यंत त्यांच्या डावीकडे बसतो, मागचा हॉर्न ऐकतो आणि गरज पडली तर खिडकीतून हात काढून मागच्याला थांबवतो. उतरताना मीटरवरचा आकडा डायरीत लिहून ठेवतो. सवय आहे.

गेल्या रविवारी गाडीत बसल्यावर आकडा पाहिला. डायरीत होता त्यापेक्षा सोळा किलोमीटरनं जास्त.

मी आबांकडे पाहिलं. ते आरसा पुसत होते. "रिंग झकास चालतीया," ते म्हणाले. मी डायरी खिशात ठेवली.