फोटोच्या कडेची घागर

मोहाच्या फुलांचा वास पहाटे वेगळाच असतो. गोड तर असतोच. पण त्या गोडीत किंचित आंबूसपणा, ओल्या मातीचा गारवा आणि राखेची तुरट छटा मिसळलेली असते, आणि तो नाकाच्या आधी जिभेवर जाणवतो. अंधार विरत असतो, फिकट पिवळी, रसानं टंच भरलेली फुलं वरून टप् टप् पडत असतात, आणि प्रत्येक फुलाबरोबर तो वास जमिनीवर उतरत असतो. हा वास मला फोनवरून कोणालाच पाठवता आलेला नाही. आला असता, तर गेल्या वर्षी जे घडलं ते टळलं असतं का? कोण जाणे! त्या राखेचा वास फोटोत आला असता, तर ती राख पाल्याची आहे, खोडाची नव्हे, एवढं तरी कोणीतरी ओळखलं असतं. निदान मी ओळखायला हवं होतं.

आम्ही काहीजण दर महिन्याला इंटरनेटवर झाडांची जत्रा भरवतो. ज्याची पाळी असेल त्यानं आपल्या पानावर बाकीच्यांचं लेखन, चित्रं, फोटो एकत्र ओवायचे, एवढाच तिचा नियम. रत्नागिरीहून एक निवृत्त पोस्टमन आपल्या परसातल्या फणसावर लिहितात. त्यांच्या आईनं त्याला खत म्हणून सुकटीचं पाणी घातलेलं असतं. पुण्याची एक चित्रकार मुलगी तोडलेल्या वडाच्या बुंध्यावर कागद ठेवून पेन्सिल घासते आणि वर्तुळांवर वर्तुळं कागदावर उमटतात. नागभीडकडचे एक गुरुजी पोरांनी काढलेली झाडं पाठवतात. त्यांतल्या निम्म्या झाडांना डोळे असतात. मी पाठवला होता माजरीचा एक कडुनिंब, कोळशाच्या धुळीनं पार काळवंडलेला, आणि तरीही चैत्रात हट्टानं तांबूस पालवी फोडणारा. जे डोळ्यांदेखत संपत चाललं आहे त्याचा उत्सव करावा की सुतक पाळावं? आम्ही दोन्ही करत होतो. माझ्या वाट्याला मात्र तिसरंच काही आलं होतं: राग.

हा राग मला घरातूनच मिळाला. बल्लारपूरला आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत छपाईचं जुनं यंत्र होतं, आणि बाबा त्यावर कामगारांची पत्रकं छापायचे. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या पातळ कागदांच्या थप्प्यांवर बसून मी अक्षरं जुळवायला शिकले. ‘बंधूंनो’, ‘जाब विचारा’, ‘आता नाही तर कधी’ हे माझे पहिले शब्द. पत्रकात ‘कदाचित’ बसत नाही हे मला फार लवकर कळलं. छापून झालेलं पत्रक घेऊन बाबा आधी चहाच्या टपरीवर जायचे, हे मी पाहिलं होतं. का जायचे, ते मात्र कधी विचारलं नाही.

गेल्या फाल्गुनात जत्रेची पाळी माझी होती. गाडी काढली, मूल गाव ओलांडलं, गडचिरोलीच्या वाटेला लागले. पळस फुलला होता, साग निष्पर्ण उभा होता, आणि एका वळणावर, गावाच्या नावाच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर, मोहाचं एक अजस्र झाड दिसलं. त्याच्याखाली काळ्याकुट्ट राखेचं वर्तुळ होतं, आणि कडेला अजून धूर निघत होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी फोटो काढला. मोबाईलवरच तो नीट केला, नको ते कडेचं कापून टाकलं, रंग गडद केले, आणि घरी आल्या आल्या एका बैठकीत लेख लिहिला. शीर्षक दिलं, ‘झाडाचे मारेकरी’. काय भाषा होती ती! एकेक वाक्य चाबकासारखं. जत्रेच्या पानावर मी तो सगळ्यात वर टांगला.

तो पसरला. पुण्याच्या मुलीनं त्यावरून ज्वाळांत वेढलेल्या मोहाचं चित्र काढलं, पोस्टमननी कविता केली, गुरुजींच्या पोरांनी लाल-काळ्या खडूंनी पानंच्या पानं भरली. आमच्या जत्रेला इतकी गर्दी कधी झाली नव्हती. मी खूश होते, हे कबूल केलंच पाहिजे. फोटोत गावाचा दगड स्वच्छ वाचता येत होता, आणि त्याचाही मला अभिमान होता. पुरावा हवा ना!

चैत्रात मी त्या चित्रांच्या रंगीत प्रती काढल्या आणि गावाला भेट म्हणून द्यायला निघाले. झाड होतं तिथंच होतं. अंगावर एक फांदीही जळालेली नव्हती. आणि त्याखाली, राखेच्या त्याच वर्तुळात, फुलांचा खच पडला होता: वरची ताजी, त्याखालची तपकिरी, तळाची काळी पडून आंबलेली. माश्या घोंगावत होत्या. शेजारच्या प्रत्येक मोहाखालची जमीन वेचून लख्ख झालेली, आणि इथं एकाही फुलाला बोट लागलेलं नाही.

वर्तुळाबाहेर, शेताच्या धुऱ्यावर, बांधाला टेकून एक बाई बसली होती. कौशीबाई. ते झाड तिच्या घराचं होतं. कागदावर ते सरकारी जंगलातलं. पण त्या भागात प्रत्येक मोह कोणत्या घरानं वेचायचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं, आणि ते मोडायचं कोणाच्या मनातही येत नाही. तिनं माझ्या हातातली गुंडाळी पाहिली, मला पाहिलं.

“तूच का व, ते फोटोवाली? मले वाटलं कोनी मोठी बाई असन. तू तं एवढीशी हायेस.”

मी म्हटलं, झाड कोणी जाळलं होतं बाई?

“झाड कोन जाळते? पाला जाळला. पाल्यात फूल पडलं तं दिसन का? आधी भोवताल झाडून घेतो, मंग पेटवतो, विझेस्तोवर घागर घेऊन बसतो. त्या दिवशी जराशी घरी गेली भाकर खाले, अन् तेवढ्यात तू येऊन गेली.”

माझा लेख वनखात्यात वरपर्यंत पोचला होता. वरून विचारणा झाली, आणि त्या भागाचा वनरक्षक येऊन सांगून गेला की चौकशी होईपर्यंत या घरानं त्या झाडाकडे फिरकायचं नाही. मोह पडतो तीन-चार आठवडे. चौकशीला कसली घाई? त्या वाळवलेल्या फुलांवर कौशीबाईच्या घरचं पावसाळ्यातलं तेल-मीठ चालायचं आणि तिची लेक सुनंदा गडचिरोलीला खोली करून कॉलेज शिकायची.

मग दुसऱ्या कोणी का नाही वेचली, मी विचारलं. निदान वाया तर गेली नसती. उत्तर दिलं कौशीबाईच्या मागून आलेल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं.

“तिच्या झाडाची आमी काऊन वेचू? तिले येऊ देत नाई म्हनून?” मग माझ्या हातातलं चित्र उलगडून, ज्वाळांवर बोट ठेवून तो हसला. “बाप्पा! एवढी आग लागली होती? अन् आमाले पत्ताच नाई!”

कौशीबाईही हसली. मला मात्र मान वर करता येईना.

घरी येऊन मी मूळ फोटो उघडला. कापलेल्या डाव्या कडेला, मुळीशी टेकवलेली एक ॲल्युमिनियमची घागर होती. काठोकाठ भरलेली, वर पाण्यात आभाळाचा तुकडा. तिच्याजवळ खराटा. मी तो फोटो काढताना ती माझ्या डोळ्यांसमोर होती, कापताना माझ्या बोटाखाली होती. आग कशी लावावी आणि कुठं थांबवावी याची सगळी विद्या त्या कडेला उभी होती, आणि मला ती अडगळ वाटली! वणवे लागतात, हे खोटं नाही. पाल्याची आग हाताबाहेर जाते आणि टेकड्या जळतात, तेही मी पाहिलं आहे. माझा राग खोटा नव्हता. पण खऱ्या रागानं चुकीच्या माणसाचं दार ठोठावलं, तर त्या माणसाला त्या खरेपणाचा काय उपयोग?

बाबांना सांगितलं. ते यंत्राचं चाक पुसत होते. पुसता पुसता एवढंच विचारलं, “ज्याच्यावर लिहिलं, त्याले वाचून दाखवलं होतं का?” तेव्हा मला ती टपरी कळली. बाबा छापलेलं पहिलं पत्रक ज्यांच्याविषयी असेल त्यांनाच वाचून दाखवायचे. कोणी म्हणायचं, “भाऊ, हे असं नाई झालं,” आणि बाबा मुकाट्यानं घरी येऊन अक्षरांचे खिळे पुन्हा जुळवायचे.

मी न कापलेला फोटो टाकला, चूक कबूल केली, कौशीबाईबरोबर वनखात्याच्या कार्यालयात जाऊन लेखी निवेदन दिलं. परवानगी मिळाली तेव्हा मोहाला फुलं नव्हती, फळं धरली होती. आणि तो कबुलीजबाब? जत्रेतल्या चार ओळखीच्यांनी वाचला. पुण्याच्या मुलीनं चित्र काढून टाकलं, पण तोवर ते तिचं राहिलेलं नव्हतं. ज्वाळांतला तो मोह आजही कुठून कुठून फिरत माझ्याकडे येतो, कधी माझ्या नावानिशी, कधी भलत्याच गावाच्या नावानं. बाबांची पत्रकं भिंतीवर चिकटवली जायची आणि एका पावसात निघून जायची. माझ्या पत्रकावर कुठला पाऊस पडणार?

सुनंदा आषाढात खोली सोडून घरी आली, ती परत गेली नाही.

यंदाच्या मोसमात मी न विचारता गेले, पहाटेच. कौशीबाईनं या वर्षी पाला जाळला नव्हता. कोणी मनाई केली नव्हती; तिलाच धीर झाला नाही. मायलेकी वाकून एकेक पान उलटत होत्या, आणि पानाखाली दडलेलं एकेक फूल शोधत होत्या. सुनंदानं मला पाहिलं आणि पाठ वळवली. मीही टोपली घेतली. उन्हं वर आली तरी माझी टोपली अर्धीही भरली नाही, आणि कंबर मोडून गेली. शेजारच्या, पाला जाळून स्वच्छ केलेल्या जमिनींवरची माणसं केव्हाच घरी परतली होती.

तहान लागली म्हणून मी वळले, तर मुळीपाशी तीच घागर, काठोकाठ भरलेली. आग नाही, धूर नाही, मग एवढं ओझं गावातून डोक्यावर कशाला आणलं? मी विचारलं तेव्हा कौशीबाई पान उलटत, वर न बघता म्हणाली, “राहू दे व. कोनी फोटो काढला, तं दिसाले पायजे.”

मी ओंजळीनं पाणी प्यायले. ओंजळीला मोहाचा वास होता. गोड, किंचित आंबूस. आणि यंदा त्यात राखेची छटा नव्हती.